डॉकर की डेस्क बुकिंग? एका खुळ्या तक्त्याची गोष्ट

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फायनान्सच्या सरांची मेल आली. "वर्कस्पेस या गटात दोन मागण्या दिसतात. एकाच कामाला दोन साधनं कशाला? तुलना करून एक सुचवा." त्यातली एक मागणी माझी, डॉकर डेस्कटॉपच्या लायसन्सची. डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात, चालवतात ते हे साधन. दुसरी अ‍ॅडमिन मॅडमची, ऑफिसात बसायची जागा बुक करण्याच्या सॉफ्टवेअरची. खरेदीच्या फॉर्ममध्ये गट निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि आम्हा दोघींना त्यातल्या त्यात जवळचा वाटला तो 'वर्कस्पेस'. एकाच्या नावात 'डेस्कटॉप', दुसऱ्याच्या नावात 'डेस्क'. सरांना तरी काय बोलणार?

मी स्क्रीनशॉट टीमच्या ग्रुपवर टाकला, सगळे पोटभर हसले. संध्याकाळी कळलं की उत्तर खरंच द्यायचंय. मार्चअखेर जवळ आली होती आणि पैसे एकाच मागणीपुरते उरले होते.

आमचं ऑफिस बाणेरला. लॉकडाऊननंतर एक मजला सोडून दिला, मग भरती होत गेली. आता माणसं ३१० आणि खुर्च्या १२०. आठवड्यातून दोन-तीन दिवस यायचं, म्हणून कागदावर हिशोब जमतो. पण बुधवारी सगळ्यांनाच यायचं असतं, शुक्रवारी कोणालाच नाही. त्यासाठी एक सामाईक एक्सेल होती, तिचं कोणी ऐकत नसे. लोक आदल्या संध्याकाळी खुर्चीवर जॅकेट टाकून जात, पाण्याची बाटली ठेवून जात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं. रुमालाचा मालक दुसऱ्या दिवशी आलाच नाही तरी ती खुर्ची दिवसभर रिकामी.

माझी मागणी वेगळ्याच कारणाने आली होती. डॉकर डेस्कटॉप आम्ही अनेक वर्षं फुकट वापरत होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी अटी बदलल्या: २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असेल तरच कंपनीला फुकट. गेल्या वर्षी आम्ही २५० ओलांडले. "पण उत्पन्न तेवढं नाही ना आपलं?" सरांचा पहिला प्रश्न. म्हटलं, सर, दोन्हीतलं एक ओलांडलं तरी पैसे भरायचे. हे सांगताना मलाही एक गोष्ट नीट मांडावी लागली, जी आमच्याकडच्या निम्म्या डेव्हलपरांच्याही डोक्यात धूसर होती. पैसे डेस्कटॉपचे आहेत, डॉकर इंजिनचे नाहीत. कंटेनर प्रत्यक्ष चालवणारं, लिनक्स सर्व्हरवर असतं ते इंजिन मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड खुला आहे आणि ते फुकट वापरता येतं. कंटेनरला लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लागतं, ते मॅकवर किंवा विंडोजवर नसतं, म्हणून डेस्कटॉप आत एक छोटं लिनक्स यंत्र चालवतं आणि ते आपल्याला दिसू देत नाही. आपण मोजतो ते या सोयीचे पैसे.

मग तुलनेचा तक्ता भरायला बसले. पहिलाच रकाना 'वापरकर्ते'. माझ्या मागणीत ९६ होते. ९६ कुठून आले? आयटीने दिलेल्या यादीतून: इतक्या लॅपटॉपवर ते टाकलेलं आहे. त्यातल्या किती जणांनी गेल्या महिन्यात ते उघडलं, हे मी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा आकडा ४१ निघाला. त्यातही डेस्कटॉपशिवाय ज्यांचं खरोखर अडेल असे सात. म्हणजे मीही रुमालच टाकले होते, तेही थोडेथोडके नाहीत.

मॅडमच्या बाजूला मोजण्याची गंमत आणखी निराळी. काही बुकिंग सॉफ्टवेअर माणशी पैसे घेतात, काही जागेमागे. ३१० माणसं आणि १२० खुर्च्या असतील तर दर वरकरणी सारखे दिसले तरी बिलात अडीच पटींचा फरक पडतो. मॅडमकडची तिन्ही कोटेशन्स माणशी होती. जागेमागे घेणारंही कोणी असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. विकणारा कशाला सांगेल?

इथवर ठीक होतं. पण माझ्यातली इंजिनियर जागी झाली. म्हटलं, बुकिंगला पैसे द्यायचेच कशाला? मुक्तस्रोत प्रणाली मिळते, कंटेनरमध्ये चढवते, झालं! एका शनिवारी दुपारी चढवलीसुद्धा. शेजारी पोस्टग्रेस या डेटाबेसचा कंटेनर, डेटा टिकावा म्हणून व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची साठवण), मजल्याचा नकाशा अपलोड करून प्रत्येक खुर्चीवर एक चौकोन. नियम दोन ठेवले: बुकिंग सात दिवस आधी उघडेल, आणि सकाळी दहापर्यंत चेक-इन केलं नाही तर जागा आपोआप मोकळी होईल. सोमवारी तीस जणांना चाचणीसाठी दिली. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

बुधवारी तक्रार आली की खिडकीजवळच्या जागा कायम त्याच चार-पाच जणांना मिळतात. रात्री बारा वाजता प्रयत्न केला तर 'अजून बुकिंग उघडलेलं नाही' म्हणतं आणि सकाळी सातला बघावं तर सगळं भरलेलं. ते चार-पाच जण कोण, तर पहाटे बाणेर टेकडीवर फिरायला जाणारे! त्यांनी काही लबाडी केली नव्हती. टेकडीवर जाता जाता फोन बघायचा, जागा दिसली की घ्यायची. दुसरी तक्रार मॅडमची. दहाला मोकळी व्हायला हवी ती जागा दुपारी साडेतीनला मोकळी होते.

साडेतीनातून साडेपाच वजा केले आणि कपाळावर हात मारला. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर होतं. आपली तारीख बदलते रात्री बाराला, त्याची बदलत होती पहाटे साडेपाचला. कॉन्फिगरेशनमध्ये एशिया/कोलकाता (भारतीय वेळेचं संगणकातलं नाव) लिहिलं, कंटेनर पुन्हा सुरू केला, आत जाऊन वेळ बघितली. तीच. आणखी तासभर गेला. तो कंटेनर अल्पाइन या अगदी छोट्या लिनक्सवर उभा होता, आणि आकार लहान ठेवण्यासाठी त्या इमेजमध्ये (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो त्यात) टाइमझोनची माहितीच नव्हती. कोलकाता म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून तो गुपचूप यूटीसीवर राहिला. चूकही दाखवली नाही. ते पॅकेज घालून इमेज पुन्हा बांधली तेव्हा घड्याळ पुण्यात आलं.

मी हे सगळं मॅडमना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि तुम्ही रजेवर असाल तेव्हा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉकरचं काही बिघडलं तर ज्याचं बिघडलं तोच दुरुस्त करतो, किंवा शेजारचा. ते त्याचं रोजचं कामच आहे. खुर्चीचं बिघडलं की रिसेप्शनवरच्या मामांपुढे रांग लागते, आणि मामा काय करणार, कंटेनरमध्ये शिरून घड्याळ बघणार? त्या रात्री तक्ता उलटा केला. पैसे बुकिंगला, जागेमागे दर घेणाऱ्याला. डॉकर डेस्कटॉपची लायसन्स ९६ ऐवजी सात. बाकीच्यांनी विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) नुसतं इंजिन घालायचं, मॅकवाल्यांनी पॉडमॅन किंवा कोलिमा ही कंटेनर चालवणारी मुक्तस्रोत साधनं.

टीम माझ्यावर आठवडाभर रुसली होती. पॉडमॅनला आमच्या फायलींमधली इमेजची अर्धवट नावं चालेनात, पूर्ण पत्ता द्यावा लागला. ते रूटशिवाय (सगळे अधिकार असलेल्या खात्याशिवाय) चालत असल्याने ८० नंबरचं पोर्ट, म्हणजे वेबचं नेहमीचं दार, मिळेना, ८०८० वर जावं लागलं. एकाची टेस्ट डॉकरचं सॉकेट (डॉकरशी बोलायची ठरलेली जागा) शोधत बसली होती, तिला नवा रस्ता दाखवला. सगळं मिळून चार दिवसांचं काम. कुरकुर मात्र पंधरा दिवसांची.

सरांनी दोन्ही मागण्या एकाच सहीत मंजूर केल्या आणि लिहिलं, "तुलना उपयुक्त. असंच इतर गटांतही करावं." या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही, हे तक्त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. ती ओळ त्यांनी वाचली की नाही, मी विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी मामांचा फोन आला. ४७ नंबरच्या खुर्चीपाशी दोघं हुज्जत घालत होते आणि दोघांच्याही फोनवर त्या दिवसाचं बुकिंग दिसत होतं. एकाचं नव्या सॉफ्टवेअरमध्ये. दुसरा चाचणीच्या तीस जणांपैकी, त्याने जुनीच लिंक बुकमार्क करून ठेवली होती. मी सर्व्हरवर जाऊन कंटेनरची यादी काढली. माझा कंटेनर तिथेच होता, ठणठणीत, पुढे लिहिलेलं: 'अप ५ वीक्स'.