आमची वाटचाल : खोक्यावर नाव आमचं, म्हणून जबाबदारीही आमचीच

आबांनी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत दुकान टाकलं तेव्हा आम्ही फवारणी पंपांचे वायसर, नोझल आणि होजपाइप विकायचो. उद्यमनगरातल्या लेथवाल्यांकडून पितळी भाग करून घ्यायचे, बाकीचा माल मुंबईहून यायचा. पुढे हातपंपाच्या जागी बॅटरीचे पंप आले. मुंबईच्या आयातदाराकडून घेतले तर आमच्या हाती काही उरत नव्हतं, म्हणून आम्ही स्वतःचा आयात-निर्यात कोड (IEC) काढला. चीनमधल्या ताइझोउ भागात असे पंप करणारे कारखाने भरपूर आहेत. तिथून पहिला कंटेनर न्हावाशेवाला उतरला आणि शिरोलीच्या गोडाऊनला लागला, तेव्हा आबांनी स्वतः नारळ फोडला. तासगावचे द्राक्षवाले, राधानगरीचे भातवाले, पलीकडे निपाणी-चिकोडीपर्यंतचे डीलर अशी गिऱ्हाइकी वाढत गेली. मग ग्रासकटर आले आणि आमच्या नावाचा ब्रँडही आला.

या सगळ्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते विम्याबद्दल, कारण आमच्यासारख्या लहान आयातदारांत त्यावर फार कमी बोललं जातं. ‘मरीन काढलाय ना, मग झालं’ इथेच विषय संपतो. मरीन पॉलिसी माल वाटेत असेपर्यंतची. पंप शेतकऱ्याच्या गोठ्यात चार्जिंगला लागल्यावर काय होईल, याच्याशी तिचा संबंध नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 जुलै 2020 मध्ये लागू झाला. सदोष मालामुळे इजा किंवा नुकसान झालं तर कोण जबाबदार, यावर त्यात वेगळं प्रकरण आहे. माल आयात करणारा त्यात ‘उत्पादन विक्रेता’ ठरतो. मूळ कारखाना इथल्या कायद्याच्या कक्षेत नसेल, त्याला नोटीस बजावता येत नसेल किंवा त्याच्याविरुद्धचा आदेश अमलात आणता येत नसेल, तर कलम 86 विक्रेत्याकडे बोट दाखवतं. आणि दुसऱ्याने केलेल्या मालावर आपला शिक्का मारला, तर कायद्याच्या व्याख्येत आपणच उत्पादक. आमच्या वकीलसाहेबांनी हे वाचून दाखवलं त्या दिवशी मी आमच्या खोक्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. पॅकबंद मालाच्या नियमांप्रमाणे त्यावर आयातदार म्हणून आमचं नाव आणि पत्ता असतोच, ब्रँडही आमचा.

आणखी एक गोष्ट. तक्रार जिल्हा, राज्य की राष्ट्रीय ग्राहक आयोगात चालणार हे वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. भरपाईला मात्र त्या किमतीची मर्यादा नाही. तीन हजारांच्या पंपामुळे एखाद्याचा डोळा गेला, तर मागणी तीन हजारांची नसते.

आधी आम्ही एक कोटीची प्रॉडक्ट लायबिलिटी (विकलेल्या मालामुळे कुणाला इजा-नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारी पॉलिसी) आणि गोडाऊनसाठी पब्लिक लायबिलिटी (तिथे बाहेरच्या कुणाला इजा-नुकसान झालं तर त्यासाठीची) घेतली. मग एका मोठ्या सहकारी संस्थेनं सभासदांसाठी पंपांची ऑर्डर देताना पाच कोटींच्या संरक्षणाचं प्रमाणपत्र मागितलं. मूळ पॉलिसीच पाच कोटींची करण्यापेक्षा वरचा थर, म्हणजे मूळ पॉलिसीची रक्कम संपल्यावर पुढचं भरणारी वेगळी पॉलिसी, घेणं आम्हाला स्वस्त पडलं. लहान दावे खालच्या थरातच संपतात, त्यामुळे वरच्या कोटीमागचा हप्ता कमी बसतो.

हा वरचा थर दोन तऱ्हेचा असतो. एक्सेस पॉलिसी मूळ पॉलिसीच्याच अटींवर फक्त रक्कम वाढवते. अंब्रेला एकाच वेळी अनेक मूळ पॉलिसींच्या वर बसते आणि खाली न बसणारे काही दावेही, ठरलेली रक्कम आपण सोसल्यावर, आत घेऊ शकते. आम्ही अंब्रेला घेतली, चार कोटींची. समजा, वर्षात पहिल्या अपघाताचे सत्तर लाख गेले. मूळ पॉलिसीच्या वर्षाच्या मर्यादेत तीस लाख उरले. दुसरा दावा ऐंशी लाखांचा आला, तर तीस खालून आणि पन्नास अंब्रेलातून.

पण खालची पॉलिसी चालू राहिली पाहिजे, हे मी प्रत्येक आयातदाराला पोटतिडकीनं सांगतो. ती संपली किंवा तिची रक्कम आपण कमी केली, तर अंब्रेला खाली उतरून ती जागा भरत नाही. मधलं खिंडार आपल्या खिशातून. म्हणून आमच्या सगळ्या पॉलिसींची नूतनीकरणाची तारीख एकच आहे. आमची पॉलिसी दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी लागू होणारी आहे, त्यामुळे मागील लागू तारीखही, म्हणजे जिच्या आधीच्या घटनांचे दावे बसत नाहीत ती तारीख, दोन्ही थरांत सारखी ठेवली. एकाच दोषातून आलेले अनेक दावे एकच अपघात मानायचे का, ते कलमही वाचून घ्या. आमच्यासाठी ते फार मोलाचं, कारण चार्जर सदोष निघाले तर एक नाही, अख्खा लॉट निघतो.

लॉट बाजारातून परत बोलावायचा खर्च मात्र आमच्या पॉलिसीत नाही, खराब पंपाची किंमतही नाही. म्हणून गोडाऊनला वहीऐवजी आता संगणकावर अनुक्रमांक चढतात : कुठल्या कंटेनरचा पंप कुठल्या डीलरकडे गेला. निपाणीच्या एका डीलरनं चार्जर तापतोय म्हणून फोन केला, तेव्हा त्या लॉटचे चार्जर आम्ही सगळीकडून परत मागवले. पुतण्या वैतागला होता, ‘काका, हंगामात एवढा तोटा कशाला?’ पण दोष माहीत असून माल विकत राहिलो असतो, तर विमा कंपनीनं दावा नाकारला असता, आणि ते योग्यच ठरलं असतं.

आता पुरवठादाराशी करार करताना आम्ही दरासोबत त्याची स्वतःची प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी मागतो, तीत आमचं नाव जोडून आणि भारतातले दावे चालतील असं लेखी घेऊन. काही कारखाने सरळ नाही म्हणतात. त्यांचा माल आम्ही घेत नाही.