वादीनं शिवलेली चप्पल

ती ताई पहिल्यांदा आमच्या मिशन रुग्णालयात आली तेव्हा तिच्या मागे फरशीवर रक्ताचे ठसे उमटत होते आणि ती केसपेपरचे पैसे किती पडतील हे विचारत होती. खिळा चप्पल भेदून तळव्यात शिरला होता. कधी शिरला, हे तिला सांगता आलं नाही. डॉक्टरबाईंनी तो चिमट्यानं ओढून काढला तेव्हाही ती खिडकीबाहेरच बघत होती.

बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार. कारखान्याच्या हंगामात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, आणि खाडा पडला की पैसे कापले जाणार. कुष्ठरोगाचं औषध तिनं वर्षभर नेमानं घेऊन पुरं केलं होतं. जंतू मेले होते, तिच्यापासून कुणालाही धोका नव्हता. पण घोट्याच्या आतल्या बाजूनं तळव्याकडे जाणारी नस त्याआधीच निकामी झाली होती, आणि अशी मेलेली नस औषधानं परत येत नाही.

महारोगात बोटं झडतात असं लोक अजून म्हणतात. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले आणि वेल्लोरला काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी हे पूर्वीच दाखवून दिलं, की बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून माणूस भाजलेल्या, कापलेल्या, चिघळलेल्या अवयवावर काम करत राहतो, आणि त्यात तो अवयव जातो. म्हणून अशा पायाला आयुष्यभर वेगळी चप्पल लागते. ती बनवायचं काम माझं.

खरं तर मला चर्चचा पाळक व्हायचं होतं. चर्चच्या शब्बाथशाळेत लहान मूल असल्यापासून ही एकच प्रार्थना. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीला जायचं ठरलं त्या वर्षी वडील आजारी पडले, धाकट्या बहिणींची शिक्षणं राहिली होती, आणि मिशन रुग्णालयात चप्पल विभागात माणूस हवा होता. वडील कोल्हापुरी चपला बनवायचे. कातडं कापायची रापी, भोक पाडायची आरी आणि शिवायची चामड्याची वादी मी लिहायला शिकण्याआधी हातात धरली होती. त्यामुळे नोकरी लगेच मिळाली. देवानं मला पाचारण केलं आणि मग दारातूनच परत पाठवलं, असं मला बरीच वर्षं वाटत राहिलं.

आमच्या पाळकांनी तेव्हा मला विल्यम कॅरींची गोष्ट सांगितली होती. 1805 साली मराठीचं व्याकरण आणि 1811 साली बायबलचा मराठी नवा करार कलकत्त्याजवळच्या सेरामपूरच्या छापखान्यातून काढणारा हा माणूस तरुणपणी इंग्लंडमध्ये जोडे शिवायचा. पाळकांचा हेतू धीर देण्याचा होता. मला मात्र त्यातून एवढंच दिसलं की कॅरींना जोडे सोडून दुसरं काम मिळालं आणि मला ते मिळालं नाही.

पायातली जखम भरायला ताईला बरेच आठवडे प्लास्टरमध्ये राहावं लागलं. प्लास्टर निघाल्यावर मी तिच्या तळव्याचा शाईचा ठसा घेतला. जिथं भार जास्त पडतो तिथं ठसा गडद येतो. तिचा अंगठ्याच्या मुळाशी काळाभोर आला, नेमका जुन्या जखमेच्या जागी. ठशाप्रमाणे मऊ रबराचा तळ कापला, पंजाच्या हाडांच्या मागे उंचवटा दिला म्हणजे भार पुढून मागे सरकेल, खाली कडक रबर लावलं आणि नेहमीसारखे काळे रुंद पट्टे घालून चप्पल तिच्या पुढ्यात ठेवली.

तिनं पाय आत घातला नाही.

"दादा, ही मला नको."

"टोचते का?" असं विचारणार होतो. पण टोचलेलं तिला कळणारच नव्हतं.

"ही घालून फडात गेले की बायांना कळतंय. ही चप्पल सगळ्यांनी बघितलेली हाय. पाणी वरून ओततील, भाकरी लांबून देतील. नवऱ्याचा कोयता बी कुणी ठेवणार न्हाई."

मी तिला समजावलं. पाय गेला तर कोयता कसा धरणार, असं डॉक्टरबाईही म्हणाल्या. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला स्पष्ट दिसत होतं की ही आपली चप्पल फाटकाबाहेर गेल्या गेल्या पिशवीत घालणार आणि बाजारातली प्लास्टिकची पायात सरकवणार. मग तिनं माझ्याच पायाकडे बोट केलं. वडिलांनी शेवटी शेवटी शिवलेला कोल्हापुरी जोड माझ्या पायात होता.

"असली का न्हाई करत?"

अंगठ्याची चप्पल सुन्न पायाला चालत नाही. ती बोटांनी धरून ठेवावी लागते, आणि अशा बोटांत तेवढं बळ नसतं. हे तिला सांगता सांगता मी स्वतःचा जोड काढून उलटा केला आणि बघतच राहिलो. कोल्हापुरी चप्पल जुन्या पद्धतीनं चामड्याच्या वादीनं शिवतात. तिच्यात खिळा नसतो. आणि आमच्या विभागात भिंतीवर पहिलाच नियम लिहिलेला आहे: सुन्न पायाच्या चपलेत खिळा वापरायचा नाही. झिजलेल्या तळातून खिळा वर आला तर कळणार कुणाला? मला हा नियम नोकरी लागल्यावर शिकवला गेला. वडील तशीच चप्पल जन्मभर शिवत होते.

त्या दिवशी मी जेवायला गेलो नाही. वरून कातडं, कडेला वेणी, पुढं लाल गोंडा, सगळं बाजारात दिसतं तसं. अंगठ्याची कडी काढून त्या जागी आडवा मऊ पट्टा, टाचेमागून दुसरा पट्टा, म्हणजे चप्पल पायातून निसटणार नाही. कातड्याच्या दोन थरांच्या मध्ये तिच्या ठशाप्रमाणे कापलेलं मऊ रबर लपवलं. सगळं वादीनं शिवलं. आरी चालत होती आणि मी मोठ्यानं प्रार्थना करत होतो, शेजारच्या टेबलावरचे सहकारी ऐकत आहेत याचंही भान नव्हतं.

बायबलात निर्गमच्या 31व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराबद्दल बोलतो. पवित्र आत्म्यानं एखाद्याला भरलं असं ऐकलं की मला संदेष्टे आणि प्रेषित आठवायचे. इथं देव आपल्या आत्म्यानं एका कारागिराला भरतो, धातू घडवण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. आणि निवासमंडपावर, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूवर, घालायला मेंढ्यांची तांबडी रंगवलेली कातडी लागली होती. ती कुणीतरी कमावली असणार, कुणीतरी शिवली असणार. हे अध्याय मी कितीदा वाचले होते. हातात वादी असताना ते पहिल्यांदा माझ्यापर्यंत पोचले.

बायबलातल्याच इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल आधी सांगतो की तारण कृपेनं आहे, आपल्या कर्मांनी नाही, आणि लगेच सांगतो की आपल्या हातून व्हायची सत्कृत्यं देवानं आधीच तयार करून ठेवली आहेत. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. मी काही कमावल्यावर देवानं मला काम दिलं असं नाही. हे कसब मला कळायच्या आधी, न मागता, वडिलांच्या मांडीशी बसून मिळालं होतं. मी सेमिनरीच्या दारात रडत होतो तेव्हाही ते माझ्या हातात होतं. आमच्या समाजाच्या ज्या कामाकडे लोकांनी पिढ्यानपिढ्या तुच्छतेनं पाहिलं, ते प्रभूनं आपल्या वापरासाठी राखून ठेवलं होतं, असं मी आज छातीवर हात ठेवून म्हणतो.

संध्याकाळी ताईनं चप्पल घातली आणि वॉर्डाच्या व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या. मी तिला रोजचं शिकवलं: घरी आल्यावर पाय पाण्यात भिजवायचा, घट्टा हलकेच घासायचा, तेल लावायचं, तळवा आरशात बघायचा, चपलेत हात घालून चाचपायचं. ती सगळं ऐकून घेत होती, पण मनात दुसरंच काही होतं.

"आमच्या कोपीशेजारी एक पोरगी हाय. पाठीवर चट्टा हाय तिच्या. चिमटा काढला तरी कळत न्हाई. कुणाला सांगत न्हाई ती." मग चपलेकडे बघून म्हणाली, "तिला बी असलीच करशील का?"

"तिला अशी चप्पल लागूच नये, ताई. म्हणून लगेच आण."

त्याच आठवड्यात दोघी आल्या. चट्ट्यावर संवेदना नव्हती, पण हातापायांच्या नसा शाबूत होत्या. पहिला डोस आमच्यासमोरच घ्यायचा असतो. तिनं तो ताईच्या हातातल्या पाण्यानं घेतला.