पेपर कुठे पाठवू, हे विचारणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्याभरात तिघांनी वेगवेगळ्या निमित्ताने एकच विचारलं, ताई, भूगोलाच्या किंवा अर्बन स्टडीजच्या, म्हणजे शहरांच्या अभ्यासाच्या, कॉन्फरन्समध्ये संशोधनाचा पेपर द्यायचाय, कुठे पाठवू? तिघांच्याही मोबाईलमध्ये स्क्रीनशॉटचा ढीग होता, इथे कॉल, म्हणजे पेपर पाठवा असं आवाहन, निघालाय, तिथे डेडलाइन वाढलीय, अमुक ठिकाणी ऑनलाइन पण चालतं वगैरे. मी तिघांनाही उलट विचारलं, तुझा पेपर नक्की कोणी ऐकावा असं वाटतं, दोन-तीन नावं सांग. एकालाही सांगता आली नाहीत. त्यांना दोष नाही देत मी, माझीही सुरुवातीची दोन वर्षं अशीच गेली. म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकावं.

आपल्या विषयातल्या मोठ्या कॉन्फरन्स कशा चालतात हे नवीन माणसाला सहसा कोणी सांगतच नाही. आयोजकांचा एक मोठा कॉल असतो तो सगळ्यांना दिसतो, पण खरं काम त्याच्या खालच्या पातळीवर चालतं. दोघं-तिघं मिळून एक सेशन, म्हणजे एका विषयावरच्या पेपरांचं सत्र, ठरवतात, विषयावर अर्ध्या पानाचं टिपण लिहितात आणि स्वतःच अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचे छोटे सारांश, मागवतात, चार-पाच पेपर जमले की ते सेशन आयोजकांकडे जातं. म्हणजे तुमचा अॅबस्ट्रॅक्ट पहिल्यांदा वाचणारी माणसं ही दोन-तीनच असतात आणि त्यांची नावं त्या टिपणाखाली लिहिलेली असतात! मला हे कळलं तेव्हा खरंच डोक्यात लख्ख झालं, कारण तोपर्यंत मी थेट मुख्य वेबसाइटवर जाऊन फॉर्म भरायचे आणि माझा पेपर उरलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यातून बनवलेल्या सेशनमध्ये जाऊन पडायचा. एकदा तर माझ्या आधी हिमनद्यांवरचा पेपर आणि नंतर शाळेतल्या नकाशावाचनावरचा, आणि मी मधे शहराच्या काठावरच्या बसबद्दल बोलतेय. पेपर तिघांचेही चांगले होते, पण एकमेकांना विचारायला कोणाकडे काही नव्हतं.

वेळापत्रकाचं सांगते. अमेरिकन असोसिएशन ऑफ जिऑग्राफर्स, म्हणजे एएजी, १९०४ सालची संस्था, तिची वार्षिक सभा मार्च-एप्रिलच्या आसपास असते आणि सेशनवाल्यांचे कॉल त्याआधीच्या ऑगस्टपासूनच फिरायला लागतात. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीची कॉन्फरन्स ऑगस्टच्या शेवटाला किंवा त्याच्या आसपास येते, तिचे कॉल जानेवारी-फेब्रुवारीत शोधायचे, मे महिन्यात शोधलेत तर उशीर झालेला असतो. एएजीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या, तिथे वेळेत फी भरून पाठवलेला अॅबस्ट्रॅक्ट सहसा नाकारलाच जात नाही. म्हणून तिथे ‘सिलेक्ट झाला’ याला तसा अर्थ नाही, कुठल्या सेशनमध्ये बसला याला आहे.

शहरांवर काम करणाऱ्यांनी आरसी२१ वर लक्ष ठेवावं असं मी प्रत्येकाला सांगते. ही इंटरनॅशनल सोशिऑलॉजिकल असोसिएशनची शहरी आणि प्रादेशिक विकासावरची संशोधन समिती, १९७० पासूनची. तिची कॉन्फरन्स २०१९ ला दिल्लीत झाली, २०२२ ला अथेन्सला, २०२४ ला चिलीत सांतियागोला. इथे निवड कडक असते आणि लोक एकमेकांचं काम वाचून आलेले असतात. भूगोलाचा सगळ्यात जुना मेळावा म्हणजे इंटरनॅशनल जिऑग्राफिकल काँग्रेस, पहिली १८७१ मध्ये अँटवर्पला भरली होती, आणि ती चालवणारी इंटरनॅशनल जिऑग्राफिकल युनियन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९२२ ला ब्रुसेल्समध्ये स्थापन झाली. काँग्रेस साधारण चार वर्षांनी येते, २०२४ ची डब्लिनला होती. पण मधल्या वर्षांत युनियनच्या वेगवेगळ्या कमिशनच्या, म्हणजे एकेका विषयावरच्या गटांच्या, छोट्या बैठका होतात, शहरांवरचं कमिशन तर दरवर्षी भेटतं. पहिला पेपर देणाऱ्याने मोठ्या काँग्रेसपेक्षा अशी बैठक बघावी, माणसं कमी असतात, तीन दिवस तीच माणसं भेटत राहतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी आपणहून येऊन म्हणतं की परवाच्या तुझ्या नकाशाबद्दल विचारायचं होतं.

क्रिटिकल जिऑग्राफीवाल्यांची, म्हणजे सत्ता आणि विषमता यांच्या अंगाने भूगोल बघणाऱ्यांची, वेगळी कॉन्फरन्स आहे, १९९७ ला व्हँकुव्हरला सुरू झाली, २००७ ला मुंबईत झाली, २०१५ ला रामल्लाला. तिचा सूर वेगळा, चळवळीतली माणसंही येतात. आणि यूएन हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या शहरं-वस्त्यांवर काम करणाऱ्या संस्थेचा वर्ल्ड अर्बन फोरम, २००२ पासूनचा, त्यात भाग घ्यायला फी नसते, जाण्यासारखा आहे, पण तो धोरणवाल्यांचा मंच आहे, तिथे पेपर वाचायचा असतो अशा समजुतीने जाऊ नका.

आता अॅबस्ट्रॅक्ट. एएजीला मर्यादा २५० शब्दांची, इतर ठिकाणीही साधारण तेवढीच धरून चला. माझ्या पहिल्या अॅबस्ट्रॅक्टचं पहिलं वाक्य होतं, ‘आज जगातली निम्म्याहून अधिक लोकसंख्या शहरात राहते.’ माझ्या गाईड मॅडमनी त्याच्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे सगळ्यांनाच माहितीये गं, तू काय बघितलंस ते सांग.” मी दुसरं वाक्य दाखवलं, त्यात शहरीकरणाचा वेग होता. तेही गेलं. तिसऱ्यात ‘या पार्श्वभूमीवर’ होतं. असं करत करत शंभर शब्द गेले आणि शेवटी खाली, जिथे मी ‘क्षेत्रीय सर्वेक्षणातून असे दिसून आले’ लिहिलं होतं, तिथे मॅडमची पेन्सिल थांबली. तिथे माझी खरी गोष्ट होती, की बसचा शेवटचा स्टॉप जिथे आहे त्याच्या पुढे राहणारे लोक स्वतःचा पत्ता सांगताना त्या स्टॉपचंच नाव सांगतात, त्यांच्या वस्तीला नाव असूनही. मॅडम म्हणाल्या, हे वर घे. मी ते पहिलं वाक्य केलं आणि पुढचं सगळं आपोआप बदललं, कारण आता प्रश्नच वेगळा झाला, शहराची हद्द नकाशावर कुठे आहे यापेक्षा लोक ती बोलताना कुठे काढतात हा. त्या अॅबस्ट्रॅक्टला सेशन मिळालं, आणि सेशन ठरवणाऱ्या बाईंनी मेलमध्ये त्याच वाक्याबद्दल विचारलं होतं.

तर कॉल वाचताना टिपणाखालची नावं बघा, त्यातल्या एकाचा तरी अलीकडचा लेख पूर्ण वाचा, आणि आपला पेपर त्यांच्या प्रश्नाला कुठे भिडतो ते एका ओळीत लिहिता येतंय का बघा. नसेल येत तर तो कॉल सोडून द्या, कितीही मोठं नाव असलं तरी. डेडलाइनच्या आठवडाभर आधी दोन ओळींचा मेल करून ‘माझा विषय असा आहे, यात बसेल का’ असं विचारलं तर चालतं, त्यात काही वावगं नाही, बहुतेक लोक उत्तर देतात. मी कितीतरी वर्षं हे विचारायला घाबरायचे.

आणि आता ते दुसऱ्या प्रकारचे कॉल. यावर मला जरा रागाने लिहावं लागतंय. ‘आदरणीय प्रोफेसर, आपल्या महत्त्वपूर्ण लेखाने आम्ही प्रभावित झालो’ असा मेल मला एमए करत असताना आला होता, तेव्हा माझा एकही लेख छापलेला नव्हता. आनंदाच्या भरात मी पाठवला पेपर, दोन दिवसांत स्वीकारल्याचं पत्र आणि सोबत फीचा आकडा. भरली. गेले तर हॉटेलच्या एका हॉलमध्ये नागरी नियोजन, नर्सिंग, बँकिंग आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग सगळं एकत्र, प्रत्येकाला सात मिनिटं, बोलून झालं की सर्टिफिकेट, फोटो, पुढचा. माझ्या शेजारी एक मुलगा बसला होता, लांबून प्रवास करून आलेला, त्याने दहा स्लाइड अतिशय मन लावून बनवल्या होत्या, आणि तो बोलत असताना समोरच्या टेबलावरची माणसं सर्टिफिकेटांवर सह्या करत होती. मला त्याचा चेहरा अजून आठवतो. त्याच्या कष्टाचे पैसे घेतले आणि कोणी ऐकलंसुद्धा नाही.

ओळखायचं कसं? विषय सगळं जग व्यापणारा असेल, निकाल दोन-तीन दिवसांत देत असतील, समितीतल्या माणसांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या कॉन्फरन्सचा उल्लेखच नसेल, आधीच्या वर्षांचा कार्यक्रम कुठे मिळत नसेल, तर लांब राहा. जर्नलचंही तेच. जर्नल ओपन अॅक्सेस, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारं, म्हणवत असेल तर डीओएजेच्या (डिरेक्टरी ऑफ ओपन अॅक्सेस जर्नल्स) यादीत आहे का बघा, ती २००३ पासून चालू आहे आणि फुकट बघता येते. फी घेणारं प्रत्येक जर्नल वाईट असतं असं मात्र नाही, आणि न घेणारी चांगली जर्नल्सही आहेत, क्रिटिकल जिऑग्राफीतलं अॅक्मे लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही नाही.

पैशाचं थोडक्यात. विद्यार्थ्यांची फी वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी देशाच्या उत्पन्नाप्रमाणेही फी कमी होते, पण ते छोट्या अक्षरात असतं, शोधावं लागतं. प्रवासाच्या अनुदानाची तारीख पुष्कळदा अॅबस्ट्रॅक्टच्या तारखेच्या आसपासच असते, निकाल आल्यावर बघू म्हटलं तर गेली. व्हिसा लागणार असेल तर स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच दिवशी निमंत्रणपत्र मागा. पीएचडी झालेल्यांसाठी अर्बन स्टडीज फाउंडेशनच्या फेलोशिप आहेत, ग्लोबल साउथमधल्या, म्हणजे आपल्यासारख्या विकसनशील देशांमधल्या, शहर-अभ्यासकांना काही महिने दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लिहायला पैसे देतात. तीन महिने फक्त लिहायला मिळणं म्हणजे काय हे ज्यांना शिकवून, उत्तरपत्रिका तपासून रात्री अकराला लिहायला बसावं लागतं त्यांना विचारा.

सेशन संपल्यावर लगेच खोलीबाहेर पळू नका. स्पेशल इश्यूची, म्हणजे जर्नलच्या एकाच विषयावरच्या अंकाची, बोलणी तिथेच होतात, खुर्च्या सरकवता सरकवता, आणि असा अंक हा नवीन माणसासाठी खूप चांगला रस्ता आहे कारण संपादकाला तुमचा पेपर आधीच ऐकून माहीत असतो. एन्व्हायर्न्मेंट अँड अर्बनायझेशन हे १९८९ पासूनचं जर्नल तर अंकांचे विषय ठरवूनच निघत आलंय, आणि तिथलं लिखाण साधं, वाचता येईल असं असतं. नवशिक्याने आधी त्याचेच चार अंक वाचावेत.

माझ्यासमोर आत्ता एक कॉल उघडा आहे, शहराच्या काठावरच्या जागांना नावं कशी पडतात यावरचा, वाचल्यापासून दोन दिवस दुसरं काही सुचत नाहीये. खाली तीन नावं आहेत. दोघांचं वाचून झालंय, तिसऱ्या बाईंचा लेख आज रात्री वाचते आणि उद्या सकाळी मेल टाकते.