पंधरा वर्षांची जिप्सी : पुनर्नोंदणीपूर्वीच्या डागडुजीचा माझा अनुभव

माझ्याकडे २०१० साली नोंदणी झालेली मारुती जिप्सी आहे आणि पुण्यातल्या कोथरूडहून भोसरीला कामावर जाण्यासाठी मी रोज तीच वापरतो. खासगी गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. माझी मुदत २०२५ मध्ये संपत होती. गाडी एवीतेवी तपासणीला न्यायचीच आहे, तर रेंगाळलेली कामे त्याआधी उरकून घ्यावीत असे मी ठरवले. जिप्सी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठे टायर, उंच केलेली बॉडी आणि छतावरच्या दिव्यांची रांग येते. माझा खर्च मात्र बहुतेक सगळा बाहेरून न दिसणाऱ्या भागांवर झाला आणि रोजच्या वापरातल्या गाडीसाठी तोच क्रम योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुख्य तक्रार स्टीअरिंगची होती. ताशी साठच्या आसपास वेग असताना एखादा खड्डा लागला की स्टीअरिंग दोन्ही हातांत थडथडू लागे आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते शांत होत नसे. एका गॅरेजने स्टीअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा लहान शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बसवण्याचा सल्ला दिला. डॅम्परने थरथर दबते, परंतु ज्या ढिलाईमुळे ती सुरू होते ती ढिलाई तशीच राहते, म्हणून मी नकार दिला. व्हील अलाइनमेंटनेही काही साधले नाही. दुकानातल्या पडद्यावर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल), कास्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) आणि टो (समोरच्या चाकांची तोंडे आत वा बाहेर किती वळलेली आहेत ते) असे तिन्ही आकडे झळकतात खरे, पण जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे त्यांतला फक्त टो तेवढा दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवून बदलता येतो. बाकीचे आकडे आपण नुसते पाहायचे.

अखेर लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सी दुरुस्त करण्यात हयात गेलेले हडपसर भागातले एक मेस्त्री भेटले. त्यांनी पुढचे चाक जॅकवर उचलले, वर आणि खाली हात धरून ते हलवले आणि मला म्हणाले, "साहेब, आता ब्रेक दाबून धरा." ब्रेक दाबल्यावर हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि डिस्क चाक वळवणाऱ्या स्टीअरिंग नकलला घट्ट धरली जातात, त्यामुळे व्हील बेअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलाई, नाहीसा होतो आणि तरीही चाक हलले तर दोष नकल ज्यावर वळतो त्या किंगपिनच्या बेअरिंगमध्ये आहे असे समजते. माझे चाक ब्रेक दाबूनही हलत होते. एवढी साधी परीक्षा त्याआधी कोणीही केली नव्हती.

जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला लोखंडी गोळा असतो आणि त्याभोवती वरखाली बसवलेल्या दोन टेपर बेअरिंगांवर, म्हणजेच किंगपिनच्या बेअरिंगांवर, नकल फिरतो. गाडी बहुतांश वेळ सरळच चालत असल्यामुळे बेअरिंगचे रोलर रेसमध्ये (ते ज्यात फिरतात त्या कड्यात) वर्षानुवर्षे त्याच जागी ठोकले जातात आणि तिथे खाचा पडतात. माझ्या गाडीचे रेस बाहेर काढल्यावर त्या खाचा नखालाही लागत होत्या. त्यातच अ‍ॅक्सलमधले ऑइल सील गेल्यामुळे डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना शक्ती वाटून वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचे) तेल गोळ्यात उतरून ग्रीसचे पातळ काळे पाणी झाले होते. मेस्त्रींनी चारही बेअरिंगे, आतली सीले आणि गोळ्यावरची धूळ पुसणारी फेल्ट व रबराची पट्टी नवी घातली, आणि मग टाय रॉड सोडवून त्याच्या भोकात ताणकाटा अडकवून नकल किती जोराने फिरतो ते मोजत, शिम (पातळ चकत्या) कमीजास्त करत बसले. बेअरिंग बदलणारे पुष्कळ आहेत. काटा लावणारे थोडे. शिम जास्त झाली तर नकल सैल राहतो आणि कमी झाली तर स्टीअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येत नाही, म्हणून या कामात घाई चालत नाही. टाय रॉड एंडही त्याच वेळी बदलले. थरथर पूर्ण गेली.

पाट्यांचे काम याच्याच जोडीने निघाले, कारण जिप्सीच्या चारही चाकांना लीफ स्प्रिंग, म्हणजे पाटे, आहेत आणि त्यांची रबरी बुशे झिजली की मागचा भाग खड्ड्यात आडवा सरकतो. पाटे सुटे करून गंज घासला, बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान मारून घेतली आणि बुशे व यू बोल्ट नवे घातले. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू नयेत. चाके जमिनीला टेकवून, गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावरच आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. मित्रांनी याच खर्चात लांब शॅकल घालून गाडी उंच करण्याचा आग्रह धरला होता. त्यामुळे कास्टर आणि चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन दोन्ही बिघडतात, आणि मला तर डोंगर नव्हे, रोज नाशिक फाट्याचा चौक ओलांडायचा असतो.

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला होता. तो कापून नवा जोडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार आणि ईसीयूचा (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीचा) कनेक्टर काढून ठेवा, असे मी वेल्डरला बजावले होते, कारण एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणीच्या) इंजिनाची ती पेटी वेल्डिंगच्या करंटने निकामी होऊ शकते. रंगाचे फारसे काही केले नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र सगळ्या बदलल्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात टिकत नाही; टाकीच्या वरच्या नळीला दाबल्यावर भेगा दिसत होत्या. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि ब्रेकचे किरकोळ सामान नाना पेठेत मिळाले. जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले असले तरी सुट्या भागांची अडचण अद्याप जाणवली नाही.

सुधारणा म्हणाव्यात अशा गोष्टी दोनच केल्या. पहिली हेडलाइटची. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट असताना बल्बपाशी जेमतेम साडेदहा पोहोचत होते, कारण दिव्यांचा सगळा करंट जुन्या तारा आणि डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येत होता. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घालून जाड तार टाकली आणि बल्ब मूळचेच साठ-पंचावन्न वॅटचे ठेवले. हॅलोजनच्या काचेत एलईडी बल्ब कोंबणारे समोरच्याचे डोळे दिपवतात आणि त्यांना स्वतःलाही फारसे दूरचे दिसत नाही. दुसरी सुधारणा टायरची, पण मापे कंपनीचीच, २०५/७० आर १५. मोठ्या टायरने स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि ब्रेकवर व नकलवर भार वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. पुढे लावलेला बुलबारही याच कारणाने उतरवून भंगारात दिला.

संगम पुलाजवळच्या परिवहन कार्यालयाचे काम या मानाने सोपे गेले. नमुना २५ चा अर्ज, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, पेन्सिलने घेतलेला चासी क्रमांकाचा छाप, नव्या उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि ५,००० रुपये शुल्क एवढ्यावर ते निभावले. तपासणीत दिवे, ब्रेक आणि चासी क्रमांक पाहिला गेला. सगळ्या डागडुजीच्या पैशांत मारुतीच्याच नव्या जिम्नीचा पहिला हप्ता गेला असता, असे घरी आजही ऐकावे लागते.

स्टीअरिंग फिरवायला मोटरची मदत देणारा विजेवरचा स्टीअरिंग कॉलम बसवावा की नाही, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला आहे. त्याची मोटर पार्किंग करताना बराच करंट ओढते, अल्टरनेटर जुना आहे, आणि कलम ५२ चा मुद्दा तिथेही येतोच. लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावताना स्टीअरिंग फिरवून हात भरून येतात, ते चालवून घेतो. महिन्यातून एकदा पुढचे हब लॉक करून कच्च्या रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये थोडे अंतर चालवतो, म्हणजे एरवी न फिरणाऱ्या पुढच्या डिफरन्शियलमधले तेल सगळीकडे पोहोचते. डांबरावर हे करीत नाही, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्यामुळे वळणावर सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. ट्रान्सफर केसची (पुढच्या आणि मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीची) रबरी माउंटिंगे दबलेली आहेत आणि टायमिंग बेल्टही बदलायचा आहे. ही दोन्ही कामे पावसाळ्यापूर्वी त्याच मेस्त्रींकडे करून घ्यायची आहेत.