दुसरा सबवूफर कशासाठी?

दुसऱ्या सबवूफरचा, म्हणजे केवळ खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा, विषय निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘एवढा आवाज हवाय कशाला?’ प्रश्न रास्त आहे. परंतु दुसऱ्या सबवूफरचे खरे काम आवाज वाढवणे नसून खालचे स्वर खोलीभर सारखे पोहोचवणे हे आहे, आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये त्याची गरज अधिकच भासते. आपल्या विटांच्या आणि आरसीसीच्या भिंती बास, म्हणजे हे खालचे स्वर, फारसा शोषून घेत नाहीत. तो समोरासमोरच्या भिंतींवर आदळत राहतो आणि काही जागी फुगतो, तर काही जागी जवळजवळ नाहीसा होतो.

आमचा कोथरूडचा हॉल 16 फूट लांब आणि 10 फूट रुंद आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर लांबीचा पहिला अनुनाद, म्हणजे भिंतींमध्ये घुमून फुगणारा स्वर, 35 हर्ट्झच्या, रुंदीचा 56 हर्ट्झच्या आणि लांबीचाच दुसरा 70 हर्ट्झच्या आसपास येतो. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार घ्या. तिचा मूळ स्वर साधारण 69 हर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ त्या तिसऱ्या आकड्यावरच बसणारा. हॉलच्या लांबीच्या पाव अंतरावर बसले की खर्ज दुबळा वाटतो आणि मागच्या भिंतीला टेकून बसले की तोच घुमू लागतो. ख्याल ऐकताना ही तफावत मला फार खटकत असे. एकच सबवूफर इकडून तिकडे हलवून एका खुर्चीचे भले होते, पण शेजारच्या खुर्चीचे बिघडते.

हर्मन या ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत संशोधन करणाऱ्या टॉड वेल्टी यांनी 2002 साली नेमक्या याच प्रश्नावर शोधनिबंध मांडला. चारही भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ही उत्तम मांडणी, समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावरचे दोन त्याच्या बरेच जवळ जातात आणि चारांपुढे संख्या वाढवून फारसा लाभ नाही, असे त्यांना आढळले. यामागचे कारण मला फार सुंदर वाटते. लांबीच्या पहिल्या अनुनादात एका टोकाचा दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाचा घटतो. दोन्ही टोकांकडून हवा एकाच क्षणी सारखी ढकलली, तर तो अनुनाद उभाच राहत नाही. भिंतीच्या मध्यावर रुंदीचा पहिला अनुनादही चेतवला जात नाही. 70 हर्ट्झचा मात्र टिकून राहतो. त्यातला फुगवटा इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, उतरतो, पण खड्डा भरत नाही. म्हणून दिवाण त्या पाव अंतरावरून हलवावाच लागतो, आणि तो मी हलवला.

वायरलेस असला तरी सबवूफरला विजेचा सॉकेट लागतोच, त्यामुळे मागच्या भिंतीच्या मध्यावर तो आहे का हे आधी पाहावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची. 80 हर्ट्झच्या स्वराला केवळ सहा मिलिसेकंदांचा फरक पडला, तरी दोन सबवूफर एकमेकांचा आवाज खोडू लागतात. एक मूळ संचातला आणि दुसरा वेगळ्या वायरलेस किटवर चालणारा, अशी मोट बांधणे म्हणूनच धोक्याचे. दोन्ही एकाच कंपनीचे घ्यावेत, एकाच ॲपमधून एकाच खोलीला जोडावेत आणि कोणती मॉडेल एकत्र चालतात हे खरेदीपूर्वी तपासावे. उदाहरणार्थ, सोनोस या कंपनीचे दोन मोठे सबवूफर जोडताना त्यांतला किमान एक तिसऱ्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. ॲपमधले कॅलिब्रेशन, म्हणजे खोली मोजून आवाज जुळवणे, दोन्ही जागेवर ठेवल्यानंतर पुन्हा करावे, कारण पहिल्यासाठी केलेली मोजणी दुसरा आल्यावर निरुपयोगी ठरते.

दोन सारखे सबवूफर एका लयीत चालले की आवाज 6 डेसिबलपर्यंत वाढतो, तेव्हा दोघांचीही पातळी तेवढी उतरवावी. खालच्या मजल्यावरच्या काकांचाही विचार करायचा असतो. शेवटी 20 ते 120 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर लावून घरभर फिरावे. आमच्याकडे 50 च्या पुढे शोकेसची सरकती काच थरथरू लागली आणि थोडे वर गेल्यावर देव्हाऱ्यातल्या घंटेचा लोलक किणकिणू लागला. काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी बसवली आणि घंटा दुसऱ्या फळीवर ठेवली.