बाबांसाठी बीसीजी मागायला गेलो तेव्हा (माझा अनुभव)

आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कोणी पहिल्याच दिवशी "नाही, मोठ्या माणसाला कोरोनासाठी ही लस देत नाही" असं तोंडावर सांगितलं असतं तर मी गुपचूप घरी आलो असतो अन् हे लिहितही बसलो नसतो. इतकी वर्षं झाली तरी आठवलं की डोकं फिरतं.

एप्रिल २०२० चा महिना. खरेदी बंद म्हणून कापूस घरातच पडून, रस्त्यावर पोलीस, दिवसभर हातात मोबाईल. ग्रुपवर कोणीतरी टाकलं की ज्या देशात लहानपणी सगळ्यांना बीसीजी, म्हणजे टीबीची लस, देतात तिथं कोरोनाचे मृत्यू कमी आहेत, अन् इटली-अमेरिकेत ती सरसकट कधी दिलीच नाही म्हणून तिथं असे हाल. टीव्हीवरही तेच चालू होतं. बाबा साठीच्या पुढचे, त्यात शुगर. त्यांची बाही वर करून पाहिली तर दंडावर मोठा पसरट व्रण, आई म्हणे हीच ना ती लस, पण तो निघाला देवीच्या लसीचा. बीसीजीचा व्रण लहान असतो, डाव्या दंडावर वरच्या बाजूला, माझा दंड शेजारी धरला तेव्हा फरक दिसला. मग म्हटलं देऊनच टाकू, सरकारी लस आहे, फुकट आहे, काय जाते.

पीएचसीत टेबलावरचे भाऊ म्हणाले, "साहेब मीटिंगमंदी हायेत." बरं. दुसऱ्या वेळी म्हणाले अर्ज द्या. कोणत्या नमुन्यात, तर साध्या कागदावर. साध्या कागदावर नेला तर आधारची झेरॉक्स लावा. आता लॉकडाऊनमध्ये झेरॉक्स कुठून आणू, सगळे शटर खाली, शेवटी एकानं मागच्या दारानं काढून दिली अन् एका पानाचे दहा रुपये घेतले. अर्ज घेतला, पण पोच मागितली तर "पोच कायची, ठेवून घेतला ना". (पोच घ्याच. नसेल देत तर निदान कागदाचा फोटो काढून ठेवा.) पुढच्या वेळी उत्तर काय, तर "वर विचारलं आहे". वर म्हणजे कुठं, कोणाला, काही नाही. एकदा तर चक्क "साठाच नाही" म्हणाले, अन् माझ्या डोळ्यासमोर आतून एक बाई कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली, त्याला आत्ताच टोचलं होतं. मी म्हटलं हा काय मग? तर म्हणे तालुक्याला जा. तालुक्याला जायला पास लागत होता, तो काढण्याची वेगळीच कथा, कसाबसा गेलो तर तिथले साहेब म्हणतात हे आमच्याकडं नाही, तुमच्या पीएचसीतच विचारा. मेडिकलवाल्यालाही विचारून पाहिलं. तो म्हणाला, "भाऊ, एका माणसासाठी कोण मागवते जी, अन् डॉक्टरची चिठ्ठी कुठं हाय?"

ऊन असं की दुपारी कुत्रंही बाहेर निघत नव्हतं, अन् मी गाडीवर तोंडाला दुपट्टा बांधून फिरत होतो.

शेवटी उत्तर दिलं ते उपकेंद्राच्या सिस्टरनं. निंबाखाली निळा डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काचेची इवलीशी बाटली दाखवली, आत तळाला पांढरी पावडर, त्यात सलाईनचं पाणी घालून लस तयार होते, अन् बाटलीवर पेननं वेळ लिहिलेली. म्हणाल्या, "हे पाहा भाऊ, याच्यात दहा लेकराइचे डोस निघतेत. फोडली की टाइम लिहा लागते, चार घंट्याच्या वर ठेवता येत नाई, उरली तं फेकाच लागते. तुमच्या बाबाले दिली अन् उद्या लेकरू झालं तं त्याले काय देऊ? अन् यानं कोरोना थांबते असं कोनी सांगतलं तुमाले?"

दोन मिनिटांत विषय संपला! हेच टेबलावरच्या माणसाला माहीत नव्हतं का? नंतर वाचलं तर डब्ल्यूएचओनं १२ एप्रिल २०२० लाच सांगून ठेवलं होतं की बीसीजीनं कोरोनापासून बचाव होतो याचा पुरावा नाही, अन् लस तिकडं वळवली तर लहान बाळांना कमी पडेल. म्हणजे सिस्टर जे बोलल्या तेच.

देशादेशांची ती तुलनाही पोकळच होती. जिथं टेस्टच कमी तिथं आकडे कमी, जिथं म्हातारी माणसं जास्त तिथं मृत्यू जास्त, अन् कित्येक देशांत तेव्हा साथ नीट पोचलीही नव्हती. पण कल्पना अगदीच हवेतली नव्हती. बीसीजी म्हणजे जिवंत पण कमजोर केलेला जंतू, काल्मेट अन् गेरँ या दोघांनी फ्रान्समध्ये १३ वर्षं खपून केलेला, माणसाला पहिल्यांदा दिला १९२१ मध्ये. तो टीबीपासून वाचवण्यासोबत शरीराची एकूणच राखण थोडी जागी करतो असं म्हणतात, अन् आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर दिली तर पहिल्या महिन्यातले मृत्यू कमी झालेले दिसले होते. म्हणून तर आयसीएमआरनंही (देशाची वैद्यकीय संशोधन संस्था) २०२० मध्येच साठीच्या वरच्यांवर ट्रायल काढली. तेव्हा गावातले शहाणे मला म्हणाले, पाहा, ट्रायल चालू आहे म्हणजे चालते लस. अरे, चालते की नाही हे पाहायलाच तर ट्रायल असते ना बाप्पा.

एक मोठा निकाल आला २०२३ मध्ये, मेलबर्नच्या संशोधकांचा. पाच देशांतल्या जवळपास ४,००० आरोग्य कर्मचाऱ्यांवर. सहा महिन्यांत लक्षणांचा कोरोना बीसीजीवाल्यांपैकी १४.७ टक्क्यांना झाला अन् नुसतं पाणी टोचलेल्यांपैकी १२.३ टक्क्यांना. म्हणजे काही फायदा नाही.

बाबांना २०२१ मध्ये कोविशील्ड त्याच पीएचसीत मिळाली, अर्ध्या तासात, काही त्रास नाही.

एक राहिलंच. ही जिवंत लस आहे, त्यामुळं गरोदर बाई किंवा ज्याची प्रतिकारशक्तीच खचली आहे त्याच्यासाठी ती नाही, उगाच कोणाच्या ओळखीनं टोचून घेऊ नका. अन् बाळाची बीसीजी राहिली असेल तर वर्षाच्या आत देता येते. लसीकरणाचा दिवस आशाताईला आधी विचारा अन् सकाळीच जा, दुपारी गेलं की बाटली फेकलेली असते. काही आठवड्यांनी दंडावर फोड येऊन पू होतो, त्याला हळद-बिळद काही लावायचं नाही, दाबायचं नाही, आपोआप सुकतो.

२०२४ मध्ये राज्यातल्या काही जिल्ह्यांत मोठ्या माणसांना बीसीजी द्यायची मोहीम आली. साठीच्या वरचे, शुगरवाले, बिडी-सिगरेट ओढणारे, आधी टीबी झालेले, टीबी पेशंटच्या घरातले असे लोक. आशाताई घरी फॉर्म घेऊन आल्या, तर बाबा म्हणतात, "आता काऊन? कोरोना तं गेला ना." त्यांना म्हटलं बाबा, ही टीबीसाठीच आहे, फॉर्मवर तसंच लिहिलं आहे, संमतीची सही करायच्या आधी वाचून घ्या. त्यांनी चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला, आशाताईला दोन प्रश्न विचारले अन् सही केली. यावेळी झेरॉक्सचे दहा रुपये कोणी मागितले नाही.