तुम्ही विचारलंत म्हणून: वॉरबँडमध्ये तुमचे बाण लागतात कसे?

माउंट अँड ब्लेड वॉरबँड या मध्ययुगीन लढायांच्या कॉम्प्युटर गेमचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, की धनुष्य घेतलं तर बाण लागत नाहीत, लागले तरी समोरचा पडत नाही, मग तुम्ही दरवेळी तेच का घेता. आज एकदा नीट सांगून टाकतो.

गेम २०१० चा, अंकाराच्या टेलवर्ल्ड्सचा. त्यात धनुष्य अजिबात कमजोर नाहीये, फक्त तलवारीसारखं पहिल्या दिवसापासून चालत नाही, आणि नेम धरायच्या आधीच त्याचं निम्मं काम झालेलं असावं लागतं. बहुतेक जण तिरंदाज म्हणजे चपळ माणूस असं धरून सगळे पॉइंट अ‍ॅजिलिटीत टाकतात. पण डॅमेज, म्हणजे बाणाचा मार, येतं पॉवर ड्रॉ या धनुष्य ओढायच्या स्किलमधून आणि पॉवर ड्रॉ बसतो स्ट्रेंग्थवर, म्हणजे ताकदीवर, दर तीन स्ट्रेंग्थला एक लेव्हल. प्रत्येक लेव्हलला १४ टक्के डॅमेज वाढतं, आणि धनुष्याला जेवढा पॉवर ड्रॉ लागतो त्याच्या वर चार लेव्हलपर्यंत वाढत राहतं. म्हणजे आधी ताकद, बाकी नंतर. हे मला फार पटतं, कारण खरंही तसंच होतं. मेरी रोझ नावाचं इंग्लंडचं जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं, त्यात शंभराहून जास्त लाँगबो, म्हणजे माणसाएवढी लांब धनुष्यं, सापडले आणि त्यातले बरेचसे ओढायला १०० पौंडांच्या वर जोर लागत असणार असा अंदाज आहे. असलं धनुष्य काटकुळ्या माणसाच्या हातचं नाही. त्यासाठी लहानपणापासून सराव लागायचा, १३६३ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने सुट्टीच्या दिवशी तिरंदाजी करायचा हुकूमच काढला होता.

आता नेम. बटण दाबून धरलं की स्क्रीनवरच्या रेघा आत सरकत येतात, पूर्ण आत आल्या की जेमतेम क्षणभर थांबतात आणि मग परत फाकायला लागतात, कारण ताणलेला हात थकतो. गडबड होते ती इथे, लोक ओढून धरतात आणि मग शत्रू शोधत बसतात, तोवर रेघा पसरलेल्या असतात आणि बाण कुठेही जातो. उलटं करा. आधी माणूस हेरा, पाय थांबवा, शिफ्ट दाबून जवळून बघा, लांबचा असेल तर बाण खाली येणार हे धरून डोक्याच्या थोडं वर जा, आणि मगच ओढा, रेघा मिटल्या रे मिटल्या की सोडा. आडवा पळणारा घोडेस्वार सोडून द्या. सरळ अंगावर येणाऱ्याला मारा, त्याच्या पुढे नेम धरावा लागत नाही आणि त्याचा वेग तुमच्या बाणाच्या डॅमेजमध्ये भर घालतो. स्वार चिलखतात असेल तर घोडा मारा. ढालवाला असेल तर पाय, नाहीतर तो दुसऱ्या कुणाकडे वळेपर्यंत थांबा, ढालीत बाण रोवत बसण्यात काही अर्थ नाही. लागला की शॉट डिफिकल्टीचा आकडा येतो तो बघत जा, अवघड शॉटवर स्किल पटापट वाढतं.

पण स्वतःच्या नेमापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जागा, आणि हे कुणी मनावरच घेत नाही. सपाट मैदानात वेगीर (गेममधलं तिरंदाजांसाठी नावाजलेलं एक राज्य) तिरंदाज पायदळाच्या मागे उभे केलेत तर त्यांना आपल्याच लोकांच्या पाठी दिसणार ना. लढाई सुरू झाल्या झाल्या २ दाबा, त्याने हुकूम फक्त तिरंदाजांना जातो, आणि तिरंदाज टेकडीच्या चढावर नेऊन थांबवा, पायदळ त्यांच्या पुढे उतारावर, म्हणजे बाण डोक्यांवरून जातात आणि चढ चढताना शत्रूच्या घोड्यांचा जोर उतरतो. १४१५ ला फ्रान्समधल्या अजिंकूरच्या लढाईत इंग्रजांनी काय केलं, दोन्ही बाजूंना रान, मधे पावसाने झालेला चिखल, पुढे टोकदार खुंट, आणि फ्रेंचांना त्यातून यायला लावलं. नुसत्या बाणांनी चिलखतं फुटली असं नाही, बरेच बाण घसरूनही गेले असतील, पण घोडे बिथरले, माणसं एकमेकांवर रेटली गेली. आणि फ्रान्समध्येच क्रेसीला १३४६ मध्ये फ्रेंचांकडून लढणाऱ्या जिनोआच्या क्रॉसबोवाल्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानातच राहिल्या होत्या, ते उघड्यावर सापडले आणि मार खाऊन मागे फिरले. दोन्हीकडे जागा आणि आडोसा यांनीच पारडं फिरवलं.

हत्यारांच्या चार जागांत मी धनुष्य, दोन भाते आणि तलवार ठेवतो, ढाल नाही. एक भाता मोठ्या लढाईत पुरतच नाही. ढाल नसल्यामुळे झाड किंवा मोठा दगड जवळ असेल अशीच जागा धरतो.

सुरुवात करणार असाल तर हंटिंग बो घेऊन लुटारूंच्या मागे लागा, त्यांच्याकडे ढाली नसतात, लांबून मारायला फक्त दगड असतात, रेघांचं टायमिंग हातात बसायला तेवढे बास. मग समुद्री लुटारू, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे ढाली असतात, तिथे पायांवरचा नेम शिकाल. स्वादिया या राज्याच्या चिलखती घोडेस्वारांच्या, म्हणजे नाइट्सच्या, वाटेला मात्र पॉवर ड्रॉ चार-पाच झाल्याशिवाय जाऊ नका.